बिऱ्हाड नेण्याचा हक्क

आपल्या कोकणात ‘बिऱ्हाड’ या शब्दाला एक खास अर्थ आहे. मुंबईला नोकरीस गेलेला माणूस पहिली काही वर्षे ‘एकटा’ असतो. गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकतो, खानावळीत जेवतो आणि शिमग्या-गणपतीला घरी येतो. पुढे त्याला कोठे दहा बाय बाराची खोली मिळाली आणि त्याने बायको-मुलांना नेले, म्हणजे गाव म्हणतो, ‘अमक्याने बिऱ्हाड नेले.’ या एका वाक्यात पुष्कळ काही सामावलेले असते. माणूस आता तिकडचा झाला, चूल तिकडे पेटली, इकडचे घर मे महिन्यापुरते उरले, हे सारे त्यात येते. मात्र मुंबईला बिऱ्हाड नेताना त्याला कोणत्याही सरकारकडे अर्ज करावा लागला नाही. भाडे परवडले पाहिजे, एवढीच काय ती अडचण.

हाच माणूस मुंबईऐवजी दुबईस, कुवेतला किंवा लंडनला गेला, म्हणजे गोष्ट बदलते. तेथे त्याची लग्नाची बायको आणि पोटची मुले त्याच्याजवळ येऊन राहू शकतात की नाही, हे तो ठरवीत नाही. ते सरकार ठरवते. ते कोणत्या अटींवर ठरवते, त्या अटी कोठून आल्या आणि त्यांच्या मुळाशी कोणता हेतू आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. इतिहासाच्या तासाला दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचे प्रकरण शिकत असताना या विषयाकडे माझे लक्ष गेले. परीक्षेपुरते चार ओळींत लिहून टाकण्याचे ते प्रकरण आमच्या वाडीतील घराघरांत आजही चालू आहे, असे मला वाटले, आणि म्हणून हा लेख.

प्रथम आखाती देशांची व्यवस्था पाहू. कारण रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांना तीच अधिक परिचित आहे. तेथे परदेशी कामगार साधारणतः स्वतःच्या नावावर राहू शकत नाही. त्याला एक जामीनदार लागतो. त्याला अरबीत ‘कफील’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्याकडच्या बायकांच्याही तोंडी रुळलेला आहे. कंपनी किंवा मालक हा कामगाराचा कफील. आता या कामगाराला बायको-मुले आणावयाची असतील, तर तो स्वतः त्यांचा कफील होतो. म्हणजे मालकाच्या आधारावर नवरा, आणि नवऱ्याच्या आधारावर बायको-मुले. एखाद्या खुंटीला टोपली अडकवावी आणि टोपलीला पिशवी, तसा हा प्रकार आहे. खुंटी निघाली की सगळेच खाली येते.

संयुक्त अरब अमिरातीत पूर्वी कामगाराचा हुद्दा पाहत असत. मजुराच्या हुद्द्यावर कुटुंबाचा व्हिसा मिळत नसे. २०१९ मध्ये तेथील सरकारने हुद्द्याची अट काढली आणि मिळकतीची ठेवली. दरमहा ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० दिरहम आणि कंपनीने दिलेले घर, असे त्या नियमाचे रूप आहे. ४,००० दिरहम म्हणजे आपल्याकडचे नव्वद हजार रुपयांच्या पुढेमागे. ऐकणाऱ्याला वाटते, एवढा पगार तर तेथे सर्वांनाच असेल. तसे नाही. बांधकामावरचा, हॉटेलच्या भटारखान्यातला किंवा दुकानात माल लावणारा माणूस पुष्कळदा याच्या निम्म्यावर काम करीत असतो.

पगार पुरेसा असला तरी कागदपत्रांचा डोंगर असतोच. नोकरीचा करार, नोंदलेला भाडेकरार, विम्याचा कागद हे तिकडचे. इकडचा कागद म्हणजे लग्नाचा दाखला. तो मराठीत किंवा इंग्रजीत असून भागत नाही. त्यावर आधी मुंबईला राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्या देशाच्या वकिलातीचा, आणि तिकडे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, शिवाय अरबी भाषांतर. मुलांच्या जन्मदाखल्यांचीही तीच यात्रा. मग वैद्यकीय तपासणी आणि ओळखपत्र. एजंट या प्रत्येक पायरीचे पैसे घेतो, हे सांगणे नकोच.

कुवेतचा नियम याहून कडक आहे. २०१९ मध्ये तेथे कुटुंबाच्या व्हिसासाठी पगाराची मर्यादा ४५० दिनारांवरून ५०० दिनारांवर नेली. २०२२ मध्ये असे व्हिसे देणेच थांबवले. जानेवारी २०२४ मध्ये ते पुन्हा सुरू केले, तेव्हा मर्यादा ८०० दिनार झाली आणि तिच्या जोडीला विद्यापीठाच्या पदवीची अट आली. पदवीची अट पुढे त्याच वर्षी सैल करण्यात आली. पगाराची मात्र झाली नाही. ८०० दिनार म्हणजे दोन लाख रुपयांहून अधिक. सौदी अरेबियाने निराळा मार्ग काढला. जुलै २०१७ पासून तेथे कुटुंबातील प्रत्येक अवलंबित माणसामागे दरमहा १०० रियाल कर बसला आणि तो दरवर्षी १०० रियालांनी वाढत २०२० मध्ये ४०० रियालांवर पोहोचला. बायको आणि दोन मुले असतील तर वर्षाचे १४,४०० रियाल केवळ ती सोबत राहतात म्हणून द्यावयाचे. पुष्कळांनी तेव्हा कुटुंबे परत पाठविली.

या देशांत एक शब्द रूढ आहे, तो म्हणजे ‘बॅचलर’. आपल्या इंग्रजीच्या पुस्तकात त्याचा अर्थ अविवाहित असा दिला आहे. आखातात त्याचा अर्थ निराळा. ज्याचे कुटुंब सोबत नाही तो बॅचलर. मग त्याला गावी चार मुले का असेनात. एका खोलीत आठ-दहा खाटा लावून जेथे अशी माणसे राहतात, त्या जागेला ‘बॅचलर अकोमोडेशन’ म्हणतात. शारजासारख्या शहरात कुटुंबांच्या वस्तीतून अशा बॅचलरांना बाहेर काढण्याच्या मोहिमा नगरपालिकेने केल्या आहेत. म्हणजे आधी कुटुंब आणू द्यावयाचे नाही, आणि मग कुटुंब नाही म्हणून कुटुंबवाल्यांच्या शेजारी राहू द्यावयाचे नाही!

माझे वडील या अर्थाने गेली सतरा वर्षे बॅचलर आहेत. ते कुवेतला शटरिंगचे सुतारकाम करतात. सातवीपर्यंत शिकले आहेत, आणि त्यांचा पगार ८०० दिनारांच्या पाव हिश्शाइतकाही कधी झाला नाही. दर दोन वर्षांनी त्यांना दोन महिन्यांची सुटी मिळते. एकदा मी वहीत हिशेब मांडून पाहिला. मी दोन वर्षांची असताना ते गेले. तेव्हापासून आजवर त्यांच्या आठ सुट्या झाल्या. आठ दुणे सोळा, म्हणजे सोळा महिने. आमच्या वाडीत हा आकडा कोणाला विशेष वाटणार नाही. शेजारच्या काकांचे वीस महिने भरतील, कारण ते आधी गेले. हे मी रडगाणे म्हणून सांगत नाही. माझ्या शिक्षणाचा खर्च त्याच पगारातून होतो, आणि आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिली आहे. सांगावयाचे एवढेच, की ‘पगाराची मर्यादा’ हे शब्द सरकारी कागदावर जेवढे कोरडे दिसतात तेवढे घरात कोरडे नसतात.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, आणि तो फेटाळण्यासारखा नाही, की ही मर्यादा कुटुंबाच्याच हिताची आहे. तुटपुंज्या पगारात माणसाने बायको-मुले नेली आणि उद्या घरभाडे थकले, शाळेची फी भरता आली नाही, तर ती मुले परक्या देशात उघड्यावर पडतील. तेथे सरकारी शाळा परदेशी मुलांसाठी साधारणतः नसतात. भारतीय शाळा आहेत, पण त्या फी घेतात. ४,००० दिरहम मिळविणाऱ्याने दुबईत एक खोली भाड्याने घेतली तरी पगाराचा मोठा भाग तिच्यातच जातो. म्हणून नियम उद्या काढून टाकला तरी बहुतेकांना बिऱ्हाड नेता येणार नाही, असे आमच्या वर्गातील एका मित्राचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्य आहे. माझी आईही म्हणते की शेत, गोठा आणि म्हातारी सासू टाकून ती गेली असती की नाही, कोणास ठाऊक.

तथापि मुंबईच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहावे. मुंबईतही गिरणी कामगाराला वर्षानुवर्षे जागा परवडली नाही. एका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत आणि बायका गावी राहत. पण एखाद्याने हिंमत केली, भावकीकडून उसने घेतले, बायकोने खानावळ चालविली किंवा चार घरची धुणीभांडी केली, तर बिऱ्हाड उभे राहत असे. पोटाला चिमटा घेऊन एकत्र राहावयाचे की चार पैसे वाचवून दूर राहावयाचे, हा निर्णय त्या दोघांचा होता. आखातातील कामगाराच्या वतीने हा निर्णय आधीच कोणीतरी घेऊन टाकलेला असतो. माझ्या आईने नाही म्हटले असते, हे खरे असेल. पण तिला कोणी विचारलेच नाही, हेही तितकेच खरे आहे.

मग सरकारांचा खरा हेतू कोणता? याचे उत्तर इतिहासात अधिक स्पष्ट सापडते, कारण जुन्या काळी राज्यकर्ते मनातले उघड बोलत. आपले कोकणी मुसलमान बांधव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला जात होते. रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील ही माणसे तेथे छोटी दुकाने चालवीत, आणि त्यांच्या बायका पुष्कळदा गावीच असत. तेथील गोऱ्या सरकारला हिंदी माणसाचे श्रम हवे होते, वस्ती नको होती. १९१३ च्या मार्च महिन्यात हसन इसप नावाच्या एका हिंदी रहिवाशाच्या पत्नीला, बाई मरियम हिला, बंदरावर प्रवेश नाकारण्यात आला. प्रकरण केपच्या न्यायालयात गेले. न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्यास मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेले लग्न येथील कायद्याला मान्य नाही. त्या माणसाला एकच बायको होती, हा मुद्दाही उपयोगी पडला नाही. या एका निकालाने हिंदू, मुसलमान, पारशी अशा साऱ्या हिंदी स्त्रियांचे पत्नीपण कायद्याच्या दृष्टीने पुसले गेले.

आपण शाळेत तीन पौंडांच्या कराविरुद्धचा सत्याग्रह म्हणून हे प्रकरण शिकतो. कराचा प्रश्न मोठा होताच. पण स्त्रिया या लढ्यात उतरल्या त्या या निकालामुळे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात ओझरती येते. सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्सहून जी सोळा जणांची पहिली तुकडी निघाली तीत कस्तुरबा होत्या. त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. दुसऱ्या बाजूने टॉलस्टॉय फार्मवरील स्त्रिया न्यूकॅसलच्या कोळसाखाणींत गेल्या, त्यांनी खाणकामगारांना संपावर आणले, आणि नोव्हेंबरमध्ये दोन हजारांहून अधिक माणसांचा प्रसिद्ध मोर्चा निघाला. इकडे हिंदुस्थानात या लढ्यासाठी पैसा गोळा करण्याचे आणि लोकमत जागे करण्याचे काम नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्रकृती खालावलेली असतानाही केले. ते १९१२ मध्ये स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले होते. गोखल्यांचा जन्म गुहागर तालुक्यातील कोतळूकचा, हे आपल्या जिल्ह्यातील वाचकांस सांगावयास नको. पण कोतळूकच्या मुलाने समुद्रापलीकडच्या बायकांच्या संसारासाठी वर्गणी फिरविली, ही बाजू आपण फारशी सांगत नाही.

१९१४ च्या इंडियन रिलीफ अॅक्टने तीन पौंडांचा कर गेला आणि हिंदी लग्नाला मान्यता मिळाली. एक पत्नी आणि तिची अल्पवयीन मुले आणण्याची वाट मोकळी झाली. कोकणातून केपला जाणाऱ्या पुढच्या पिढीतील बायका या वाटेने गेल्या. १९५३ मध्ये वर्णभेदी सरकारने नवा कायदा करून ही वाटदेखील बंद केली. ज्यांना हिंदी वस्ती वाढू द्यावयाची नव्हती, त्यांनी नेमके हेच दार निवडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कॅनडात याच काळात असेच घडत होते. १९०८ च्या हुकुमाने मायदेशाहून सलग प्रवास करून आलेल्यालाच प्रवेश मिळू लागला, आणि हिंदुस्थानातून तसे थेट जहाज मिळणेच दुरापास्त होते. ब्रिटिश कोलंबियात तेव्हा काही हजार शीख लाकूड गिरण्यांत काम करीत होते. त्यांच्यात स्त्रिया जवळजवळ नव्हत्या. १९१२ च्या जानेवारीत भागसिंग आणि बलवंतसिंग हे व्हँकुव्हरच्या गुरुद्वाऱ्याचे पुढारी आपली कुटुंबे घेऊन उतरले. पुरुषांना आत घेतले आणि बायका-मुलांना परत धाडण्याचा हुकूम निघाला. बरीच ओरड झाल्यावर ‘कृपा’ म्हणून त्यांना राहू दिले. कायद्याने नव्हे, कृपेने. हा शब्द सरकारने मुद्दाम वापरला, म्हणजे पुढच्याला मागता येऊ नये. पुढे १९१८ च्या साम्राज्य युद्धपरिषदेत हिंदुस्थानातर्फे सत्येंद्रप्रसन्न सिंह यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि वसाहतींत कायम राहणाऱ्या हिंदी माणसाला एक पत्नी व अल्पवयीन मुले आणू द्यावीत असे ठरले. कॅनडाने १९१९ मध्ये ते मान्य केले. महायुद्धात लाखो हिंदी शिपाई लढल्यानंतर एवढे पदरात पडले.

या साऱ्या उदाहरणांतून माझ्या अल्प समजुतीप्रमाणे एकच गोष्ट निघते. ज्याने बिऱ्हाड आणले तो राहतो, हे सरकारला गावातल्या म्हातारीइतकेच कळते. मुले तेथील शाळेत जातात, बायको शेजार जोडते, आणि दोन वर्षांच्या कराराने आलेला माणूस वीस वर्षांनी त्या शहराचा होऊन बसतो. म्हणून ज्याला राहू द्यावयाचे नाही, त्याला बिऱ्हाड आणू देत नाहीत. पगाराचा आकडा हे त्यासाठी सोयीचे माप आहे, कारण त्यात जात, धर्म वा रंग यांचे नाव घ्यावे लागत नाही.

इंग्लंडची कथा या दृष्टीने फार बोधक आहे. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील लोकांच्या येण्यावर प्रथमच बंधने आली, तरी बायको आणि सोळा वर्षांखालील मुले यांना येऊ देत. १९६८ मध्ये असे ठरले की केवळ बाप इंग्लंडात असेल तर मुलाला प्रवेश नाही. आईही तेथे हवी. १९६९ पासून निघण्यापूर्वीच प्रवेश-दाखला मिळवणे सक्तीचे झाले. मग मुंबई-दिल्लीतील कचेऱ्यांत प्रश्नांच्या फैरी सुरू झाल्या. नवरा-बायकोला वेगवेगळे बसवून लग्नाचे तपशील विचारावयाचे, आणि उत्तरे जुळली नाहीत की अर्ज नामंजूर. जानेवारी १९७९ मध्ये तर लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, नियोजित वराशी लग्न करण्यास आलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची कौमार्य-तपासणी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून ते बाहेर आले, भारत सरकारने निषेध केला, आणि तो प्रकार बंद झाला. बाई ‘खरी’ वाग्दत्त वधू आहे की नाही हे ठरविण्याची त्या अधिकाऱ्यांची ही शास्त्रीय पद्धत!

खऱ्या शास्त्राचा उपयोगही येथे झाला, तो कुतूहलाचा आहे. डीएनए चाचणी म्हटली की आपल्याला खुनाचा तपास आठवतो. पण लेस्टर विद्यापीठातील अॅलेक जेफ्रीज यांच्या या शोधाचा पहिला प्रत्यक्ष उपयोग १९८५ मध्ये झाला तो एका घाना-वंशीय मुलाला त्याच्या आईजवळ राहता यावे म्हणून. अधिकाऱ्यांना तो तिचा मुलगा आहे हे पटत नव्हते. रक्ताने ते सिद्ध केले.

त्याच १९८५ सालचा आणखी एक निकाल आहे. इंग्लंडात स्थायिक झालेल्या पुरुषाला बायको आणणे सोपे आणि स्त्रीला नवरा आणणे अवघड, असा तेव्हा नियम होता. तीन स्त्रियांनी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, आणि न्यायालयाने हा स्त्री-पुरुष भेद आहे असे म्हटले. ब्रिटिश सरकारने मग भेद काढला खरा. पण स्त्रियांची वाट सोपी करून नव्हे, तर पुरुषांची अवघड करून. समता अशीही आणता येते, हे मला ठाऊक नव्हते.

आता तेथेही पगाराचेच माप आले आहे. २०१२ च्या जुलैपासून परदेशी पती वा पत्नी आणण्यासाठी वर्षाला १८,६०० पौंड मिळकत लागू लागली. एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंड करण्यात आली. ही अट ब्रिटिश नागरिकालाही आहे. आणि मार्च २०२४ मध्ये तर म्हाताऱ्या-आजाऱ्यांची सेवा करण्यासाठी बाहेरून येणाऱ्या केअर वर्करना पती, पत्नी वा मुले सोबत आणण्यास बंदी घालण्यात आली. दुसऱ्याच्या आई-बापाचे अंथरूण बदलावयाचे आणि स्वतःची मुले गावी आजीकडे, असा हा करार. पुढे २०२५ च्या जुलैत परदेशातून असे नवे कामगार घेणेच थांबले. १९१३ चे दक्षिण आफ्रिकेचे सरकार आणि २०२४ चे लंडनचे सरकार यांची भाषा पूर्णपणे निराळी आहे, परंतु काम हवे आणि बिऱ्हाड नको ही मागणी तीच आहे.

अमेरिकेविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही, कारण तो अनुभव आपल्या भागापेक्षा पुण्या-मुंबईकडचा अधिक आहे. तेथे एच-१बी व्हिसावर गेलेला संगणक अभियंता पत्नीला लगेच नेऊ शकतो. पण तिला एच-४ व्हिसावर नोकरी करता येत नसे. २०१५ पासून काहींना, पतीची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठराविक टप्प्यास आली असल्यास, ती मुभा मिळाली. ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी इतकी लांब आहे, की लहानपणी गेलेली मुले एकवीस वर्षांची होऊन रांगेतून गळतात. दुःख तेथेही आहे. पण ते एकत्र राहून सोसावयाचे आहे. अभियंता आणि गवंडी एकाच तालुक्यातून एकाच आठवड्यात विमानात बसले, तरी एकाची बायको सहा महिन्यांत त्याच्या शेजारी असते आणि दुसऱ्याची साठीपर्यंत पोस्टमनची आणि पुढे फोनची वाट पाहत असते.

मात्र बिऱ्हाड गेले म्हणजे सारे सुरळीत झाले, असेही नव्हे. वर सांगितलेली खुंटी-टोपलीची उपमा येथे पुन्हा उपयोगी पडते. नवरा हाच बायकोचा कफील असल्याने त्याची नोकरी गेली की तिचे राहणे संपते. किंबहुना अमिरातीत त्याचा व्हिसा रद्द करण्यापूर्वी कुटुंबाच्या व्हिशांचा निकाल लावावा लागतो. २०२० च्या साथीत नोकऱ्या गेल्या तेव्हा वंदे भारतच्या विमानांतून अशी अनेक कुटुंबे परत आली. माझी एक मावसबहीण त्यांत होती. तिचा मुलगा तिकडे तिसरीत होता. येथे आल्यावर त्याला मराठी वाचता येईना, म्हणून पुन्हा पहिलीच्या पुस्तकापासून सुरुवात. नवरा वारला किंवा त्याने टाकले तर काय, हा प्रश्न याहून कठीण. अमिरातीने २०१८ मध्ये विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांना कफिलाशिवाय एक वर्ष राहण्याची मुभा दिली, ही चांगली गोष्ट आहे. इंग्लंडात छळ करणाऱ्या पतीपासून वेगळ्या झालेल्या स्त्रीला तेथे राहता यावे अशी तरतूद २००२ मध्ये नियमात आली. तोपर्यंत ‘निघून गेलीस तर तुला परत पाठवीन’ ही धमकी कायद्याच्या बळावर देता येत होती. घरधनी आणि जामीनदार हे एकाच माणसात एकत्र आले म्हणजे घरात कोणाचे चालणार, हे सांगावयास नको.

स्त्री स्वतः कमावती असली तरी अडचण सुटत नाही. घरकामाला गेलेली बाई कुवेतला परक्याची मुले सांभाळते. तिला स्वतःची मुले आणण्याची सोय त्या व्हिशात नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० मध्ये स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा करार केला. कुटुंब एकत्र येण्यास राज्यांनी साहाय्य करावे, असे त्याचे ४४ वे कलम सांगते. तो २००३ मध्ये अंमलात आला. आखातातील कामगार घेणाऱ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, आणि कामगार पाठविणाऱ्या आपल्या देशानेही नाही.

आमच्याकडे लग्न ठरविताना मुलीकडची मंडळी आता एक प्रश्न हमखास विचारतात : ‘मुलगा बिऱ्हाड नेणार ना?’ पूर्वी हा प्रश्न मुंबईबद्दल असे आणि त्याचे उत्तर मुलाच्या हातात असे. आता मुलगा मान खाली घालून ‘पगार वाढला की’ म्हणतो, आणि वडीलधारी मंडळी तेवढ्यावर सुपारी फोडतात.

आणि ज्यांचा पगार खरोखरच वाढतो, त्यांचे काम पुढे कोठे अडते, तेही पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारकार्डावर सासरचे, लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत केलीच असेल तर तेथे तिसरेच, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईच्या घरच्या हाकेचे. मुंबईच्या कचेरीत बसलेल्या माणसाला या चार नावांच्या चार बायका दिसतात. मग राजपत्रात नावबदलाची जाहिरात, प्रतिज्ञापत्र, पुन्हा अर्ज. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाडीतील तीन घरांचे असे कागद मी भरून दिले. त्यांतील एकीच्या नवऱ्याचा दुबईतला भाडेकरार जूनमध्ये संपत होता, आणि तो नव्याने केल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता. ती अजून येथेच आहे. राजपत्राची प्रत आली आहे, तिकडचा नवा करार यावयाचा आहे.